चुल्लपंथकाला दाराबाहेर काढू नका

एप्रिल महिना आला की राज्यातील अनेक ग्रंथालयांत आणि अभ्यासिकांत सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हे योग्यच अभिवादन आहे. परंतु तेच १८ तास आपल्या घराघरांत काठीसारखे वापरले जातात. आठवी-नववीतल्या मुलाची वही सापडत नाही, गृहपाठ अर्धवट, कंपासपेटी शाळेतच राहिलेली, चाचणीत भोपळा. मग आईबाप म्हणतात, 'बाबासाहेब अठरा तास अभ्यास करायचे, तुला दोन तास बसवत नाही? मठ्ठ कुठला!' मूल मान खाली घालते. बाबासाहेबांचे नाव त्याच्यासाठी प्रेरणा न राहता धाक बनते.

आईबापांचा संताप समजण्यासारखा आहे. धुणीभांडी करून, बिगारीवर राबून ज्यांनी फी भरली, त्यांच्या लेखी मुलाचे नापास होणे म्हणजे पुन्हा त्याच कामावर जाणे. ही भीती खोटी नाही. पण 'मठ्ठ' हा शब्द आपण कोणाकडून उचलला? 'यांच्या डोक्यात विद्या शिरायची नाही' असे ठरवूनच मनुवादी व्यवस्थेने आपल्याला ज्ञानापासून दूर ठेवले. तोच शिक्का आपण आपल्या लेकरांच्या कपाळी मारायचा का?

बाबासाहेबांचे बालपण तरी नीट वाचू या. साताऱ्याला असताना भीमरावांचे मन अभ्यासातून उडाले होते. मुंबईला पळून जाऊन गिरणीत काम करावे म्हणून त्यांनी आत्याचा बटवा लांबवला. त्यात निघाला अवघा अर्धा आणा. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते, असे धनंजय कीर यांच्या चरित्रात नमूद आहे. म्हणजे ३८ टक्केही नाहीत! अठरा तासांचे बाबासाहेब पुढे घडले. त्यामागे सुभेदार रामजी होते. परळच्या चाळीतल्या एका खोलीत अभ्यासाला जागा नव्हती. म्हणून भीमरावांनी लवकर झोपायचे आणि वडिलांनी रात्री दोन वाजता त्यांना उठवायचे, असा क्रम ठरला. पुस्तकासाठी पैसे नसले तर रामजी विवाहित मुलीचा दागिना मागून आणून गहाण ठेवत. 'अभ्यास कर' एवढे सांगून ते थांबले नाहीत. जागा, वेळ आणि पुस्तक यांची व्यवस्था त्यांनी स्वतः केली.

वह्या हरवणाऱ्या मुलाला नेमकी हीच व्यवस्था जमत नसते. काही काळ ती आपण त्याला उसनी द्यावी लागते. दप्तराला भिंतीवर एक ठरलेली खुंटी असावी. रात्री झोपण्यापूर्वी दप्तर त्याच्यासोबत भरावे. तासभर ओरडण्यापेक्षा वीस मिनिटे टीव्ही आणि मोबाईल बंद करून शेजारी बसावे. स्वतःला वाचता येत नसेल तरी बसता येते.

तथागतांच्या संघातही असा एक भिक्खू होता. चुल्लपंथकाला चार महिन्यांत एक गाथा पाठ झाली नाही. सख्ख्या थोरल्या भावाने, महापंथकाने, त्याला विहार सोडून जायला सांगितले. तथागतांनी त्याला परत आणले. गाथा बाजूला ठेवून त्याच्या हाती स्वच्छ कापड दिले आणि ते चोळत राहायला सांगितले. कापड मळत गेले तशी त्याला अनित्यता उमगली आणि तो अर्हत झाला. विद्यार्थी तोच होता, शिकवण्याची रीत बदलली.

ही रीत बदलून मागण्याचा हक्क आज कायद्याने दिला आहे. प्रत्येक अव्यवस्थित मुलाला अक्षमता असते असे नाही. पण वाचताना अक्षरे चुकणे, लिहिणे फार मंद असणे, गणितात सतत गोंधळ होणे असे दिसत असेल तर तपासणी करून घ्यावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अध्ययन अक्षमतेचा स्पष्ट समावेश आहे. ती लवकर ओळखणे ही कलम १६ नुसार शिक्षणसंस्थेची जबाबदारी आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सोयी कलम १७ मध्ये आहेत. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अशी तपासणी होते. दहावीचा अर्ज भरेपर्यंत थांबू नये. आठवीतच मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्यावे आणि पोच घ्यावी. शिवाय आठवीपर्यंतच्या मुलाला मारणे वा त्याचा मानसिक छळ करणे, याला शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने मनाई केली आहे.

इंग्रजी शाळांतले सुस्थित पालक या सवलती घेतात. आपल्या वस्तीत त्यांची माहितीच पोहोचत नाही, आणि मूल नववीत शाळा सोडून गॅरेजवर जाते. म्हणून प्रत्येक बुद्धविहार रोज संध्याकाळी दोन तास मुलांसाठी उघडा ठेवावा. कॉलेजातल्या एका मुलाने वा मुलीने तिथे बसावे. आम्हा वकील मंडळींनी महिन्यातून एक रविवार पालकांचे अर्ज लिहून द्यावेत. यासाठी वर्गणी लागत नाही. विहाराच्या कुलपाची किल्ली तेवढी लागते.