सेतू बांधून नाहीशा होणाऱ्या पेशी

मेंदूस जबर आघात झाल्यावर मूलपेशींचे रोपण केले म्हणजे मेलेल्या मज्जापेशींच्या जागी नव्या येऊन बसतात आणि लुळा पडलेला हात पुन्हा चालू लागतो, अशी जी सोयीस्कर समजूत सामान्य वाचकाच्या, आणि खरे बोलायचे तर पुष्कळ जाहिरातदारांच्याही, मनात ठाण मांडून बसली आहे, ती प्रयोगशाळेतील दाखल्यांपुढे टिकत नाही. रोपलेल्या पेशींपैकी बहुतेक थोड्याच आठवड्यांत नाहीशा होतात. गुण येतो तो बव्हंशी त्यांनी जाता जाता पाझरलेल्या द्रव्यांचा, आणि त्या द्रव्यांतील प्रमुख म्हणजे वृद्धिघटक.

या घराण्याचा मूळ पुरुष एका स्त्रीने शोधून काढला. मुसोलिनीच्या १९३८ च्या वंशविषयक फर्मानांनी ज्यू म्हणून विद्यापीठाची दारे बंद झाली, तेव्हा रीता लेवी-मोन्ताल्चिनी यांनी तुरीन येथील आपल्या शयनगृहातच प्रयोगशाळा मांडली आणि शिवणाच्या सुया घासून केलेल्या हत्यारांनी कोंबडीच्या गर्भांतील मज्जातंतूंचा अभ्यास चालू ठेवला. युद्धोत्तर काळात व्हिक्टर हॅम्बर्गर यांच्या निमंत्रणावरून त्या अमेरिकेत सेंट लुई येथे गेल्या. उंदराच्या अर्बुदाचा तुकडा गर्भात ठेवला असता मज्जातंतू बेसुमार वाढतात, हे पाहून, ही करामत अर्बुदातून पाझरणाऱ्या एखाद्या द्रव्याची असावी असा त्यांचा तर्क झाला. तो पडताळण्यासाठी १९५२ मध्ये अर्बुदग्रस्त दोन उंदीर हातपिशवीत घालून त्या विमानाने रिओ द जानेरोस गेल्या, आणि तेथे काचपात्रातील मज्जाग्रंथीभोवती एका दिवसात तंतूंचे प्रभामंडळ उमटले. पुढे स्टॅन्ली कोहेन यांनी अर्कातील न्यूक्लिक अम्ले नष्ट करण्यासाठी सापाचे विष मिसळले, तो विषातच तो घटक अर्बुदाहून कितीतरी विपुल निघाला! या दोघांना १९८६ चे नोबेल पारितोषिक लाभले. हॅम्बर्गर मात्र वगळले गेले, आणि ही गोष्ट मला आजही खटकते.

डुकराच्या मेंदूपासून त्याच कुळातील दुसरा घटक इव्ह-आलेँ बार्द व हान्स थोनेन यांनी १९८२ मध्ये वेगळा काढला. मग हेच द्रव्य थेट टोचावे, मूलपेशींचा उपद्व्याप कशाला? अडचण अशी की, ही प्रथिने रक्तातून मेंदूत सहसा शिरत नाहीत. आणि स्वीडनमध्ये स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या मेंदूतील पोकळीत पहिला घटक सोडून पाहिला, तेव्हा पाठदुखीने रुग्ण बेजार झाले. म्हणून जखमेपाशीच वस्तीस राहून हे द्रव्य थोडेथोडे देणाऱ्या पेशीची गरज भासली.

अशा पेशींपैकी ‘एसबी-६२३’ ही निरोगी दात्याच्या अस्थिमज्जेपासून तयार करतात. फ्लोरिडातील सीझर बोर्लोंगन व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ती मेंदूस इजा केलेल्या उंदरांत रोपली, तेव्हा मेंदूच्या पोकळीलगतच्या, जन्मतःच तेथे असलेल्या मूलपेशींच्या वस्तीपासून जखमेपर्यंत एक मार्ग तयार झालेला आढळला. त्या मार्गाने उंदराच्या स्वतःच्या पेशी जखमेकडे सरकल्या, आणि परक्या पेशी हा सेतू बांधून लुप्त झाल्या.

माणसांवरील चाचणी अमेरिका, जपान व युक्रेन येथे झाली. आघातास वर्ष उलटूनही अवयव लुळे राहिलेल्या रुग्णांच्या कवटीस छिद्र पाडून या पेशी जखमेभोवती सोडल्या. काहींवर तुलनेसाठी केवळ शस्त्रक्रियेचा आभास निर्माण केला. चालनशक्तीच्या १०० गुणांच्या मापनात सहा महिन्यांनी उपचारितांची सरासरी सुधारणा ८.३, तर इतरांची २.३ भरली. फरक खरा, परंतु रुग्ण जेमतेम साठ. तेव्हा यावरून नौबती वाजवणे उतावळेपणाचे होईल. जपान सरकारने जुलै २०२४ मध्ये दिलेली सनदही सशर्त व मुदतबंद होती, आणि बाजारात जाणारा माल चाचणीतील मालाशी तंतोतंत जुळतो हे सिद्ध होईपर्यंत तो रवाना करण्यास तिच्यातच मनाई होती. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक नियमांनुसार रक्तविकारांवरील रक्तमूलपेशींचे रोपण तेवढे रूढ उपचारांत मोडते. मेंदूच्या आघातावर मूलपेशी द्यावयाच्या तर त्या रीतसर मंजूर झालेल्या चाचणीतच, आणि अशा चाचणीतील रुग्णाकडून उपचाराचे दाम घेण्याची मुभा कोणास नाही.