पडद्यावरची ठिपक्यांची रांगोळी



बैठकीत गटाचे पैसे मोबाइलवर पाहायची वेळ आली, की आपल्यातल्या कितीतरी जणी फोन पोराच्या हातात देतात. "आपल्याला काय समजते त्यातलं?" म्हणतात. म्हणून आज हा पडदा आला कुठून, ते बघू.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये, आपल्या देशातच बांधलेला संगणक सुरू झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नाव 'टिफ्रॅक' ठेवले. जुन्या रेडिओत असत तसे सुमारे २,७०० व्हॉल्व्ह त्यात होते. आलेख आणि अक्षरे दाखवणारा पडदाही त्याला जोडला होता. पण काम सांगायचे ते छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीने. ते जाणकारांनाच जमे.

पुढचे पाऊल अमेरिकेत पडले. जिच्या नावाने आपण कागदाची नक्कल काढतो, त्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७३ मध्ये 'आल्टो' हा संगणक तयार झाला. त्याचा पडदा उभ्या कागदासारखा होता. त्यावर आडवे ६०६ आणि उभे ८०८, म्हणजे जवळपास ४ लाख ९० हजार ठिपके. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखेच! कोणता ठिपका काळा, कोणता पांढरा हे ठरवले, की चित्रही उमटते आणि अक्षरही. माऊस सरकवून हवी ती जागा दाखवायची, की काम होई. आल्टो बाजारात विकायला आला नाही, पण त्याची रीत पुढे सगळ्या संगणकांनी घेतली. मोबाइलवर तर आपले बोटच माऊस झाले.

ठिपक्यांना इंग्रजीच लागते असे नाही. त्यातून मराठीही उमटते. संगणकावर आपल्या लिप्या आणायचे मोठे काम पुण्याच्या सी-डॅक संस्थेने केले. तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये 'भाषा' शोधा आणि मराठी निवडा.

एक मात्र ध्यानात ठेवा. चित्र दाबणे सोपे झाले, तसे चुकीचे दाबणेही सोपे झाले. पैसे पाठवताना नाव आणि रक्कम वाचा, मगच पिन टाका. पैसे घ्यायला पिन लागत नाही. कोणी मागितला, तर तो फसवतो आहे असेच समजा.

हे यंत्र सोपे व्हावे म्हणून शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे खपून काम केले. आता पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपली शिल्लक स्वतःच्या बोटाने उघडून बघायची. अडले तर शेजारणीला विचारायचे, पण फोन आपल्याच हातात ठेवायचा.