जांभ्याची जमीन जिवंत कशी होते?

‘पुनरुज्जीवक शेती’ हा शब्द अलीकडे सारखा कानावर येतो. अमेरिकेत रॉबर्ट रोडेल यांनी १९८०च्या दशकात तो प्रचारात आणला. शब्द जड आहे, अर्थ मात्र साधा: जमिनीतून पीक घ्यायचं आणि घेता घेता जमीनही सुधारत न्यायची. यावर बोलताना बहुतेक उदाहरणं सपाट, काळ्या जमिनीची दिली जातात. आज आपण आरे-वारेच्या जमिनीकडे बघू या.

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला किनाऱ्याच्या रस्त्याने गेलेल्यांना ही जागा डोळ्यांसमोर येईलच. खाली समुद्र, सुरूची झाडं. वर चढलं की तांबडा उतार आणि त्याच्याही वर कातळाचा सडा. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आता साधा हिशेब करू. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. त्यावर तीन मीटर पाणी पडलं, म्हणजे झाले तीन लाख लिटर. एका गुंठ्यावर! तरीही एप्रिल-मे आला की याच पट्ट्यातल्या कितीतरी वाड्यांना विहिरीच्या तळाकडे बघत बसावं लागतं. पाणी पडतं, पण थांबत नाही. जाताना एकटंही जात नाही. पहिल्या मोठ्या पावसात पऱ्या लाल होऊन वाहतो, तो लाल रंग आपल्या शेताचा असतो. एका हेक्टरवरून फक्त एक मिलिमीटर माती वाहून गेली, तरी ती दहा घनमीटर होते; वजनात बारा-तेरा टन.

ही माती अशी का आहे, ते जरा नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जांभा तयार होतो तोच मुळी धुपून. हजारो-लाखो वर्षांच्या पावसाने खडकातला चुना, मॅग्नेशियम, सिलिका धुऊन नेली आणि मागे राहिलं लोह आणि ॲल्युमिनियम. म्हणून रंग तांबडा, म्हणून माती आंबट. अशा मातीत घातलेलं स्फुरद लोह-ॲल्युमिनियमला जाऊन चिकटतं आणि मुळांना सहज मिळत नाही. विदर्भातल्या काळ्या मातीतला चिकणमातीचा कण अन्नद्रव्यं घट्ट धरून ठेवतो. आपल्या जांभ्यातल्या चिकणमातीला ती ताकद फार कमी. मग इथे अन्न धरून ठेवणार कोण? कुजलेला पालापाचोळा, म्हणजे ह्यूमस. काळ्या मातीचं कोठार मातीतच आहे, आपलं कोठार पातेऱ्यात आहे. खताची पोती ओतली आणि कोठारच नसलं, तर पहिल्या जोरदार सरीबरोबर ती पोती खाडीला पोचली असंच समजा.

आणि हा पातेरा आपण काय करतो? जाळतो.

भाताच्या रोपासाठी राब भाजायची रीत जुनी आहे. डोंगरातल्या झाडांचं कवळ तोडायचं, शेण, पाला, गवत यांचे थर लावायचे, वर बारीक माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. तिला आम्ही अडाणीपणा म्हणणार नाही. भाजल्याने तणाचं बी मरतं, राखेतलं पालाश आणि चुना लगेच मिळतो, आंबटपणा थोडा उतरतो, तरवा जोमाने येतो. म्हणून तर ती टिकली. पण किंमत बघा. नत्र जवळजवळ सगळं धुरात जातं, सेंद्रिय पदार्थ संपतो आणि कवळासाठी दरवर्षी डोंगर भादरला जातो. माणसं कमी आणि रान जास्त होतं तेव्हा हे निभलं. आता डोंगर उघडा पडला की त्याचं पाणी थेट खालच्या मळ्यात घुसतं.

बागांतही तेच. कलमांखालचा पाला गोळा करून पेटवला की बाग ‘स्वच्छ’ दिसते. वणव्याची भीती खरी आहे, ती कोणी हसण्यावारी नेऊ नये. एका ठिणगीत पंधरा वर्षांची कलमं जातात. पण त्यावर उपाय म्हणजे बागेच्या कडेने जाळरेषा काढणं. आतला पाला झाडाखालीच राहू द्या, फक्त बुंध्यापासून हातभर लांब, नाहीतर वाळवी चढते. गडग्याच्या कडेने गिरिपुष्प लावलं तर हिरवा पाला घरचाच होतो आणि कवळासाठी डोंगरात जावं लागत नाही.

भाताचं काय? लावणीआधी आपण चिखलणी करतो, म्हणजे मातीचा कण न् कण सुटा करतो. कर्जत तालुक्यात नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी ‘सगुणा राइस टेक्निक’ उभं केलं, त्यात चिखलणी नाही आणि लावणीही नाही. एकदा गादीवाफे करायचे, त्यावर साच्याने खड्डे पाडून भात टोकायचा आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. ती मुळं कुजली की त्यांच्या जागी बारीक पोकळ्या राहतात, त्यातून हवा आणि पाणी आत जातं, गांडुळं येतात. त्याच वाफ्यावर मग वाल, कुळीथ, चवळी. कोल्हापुरात प्रताप चिपळूणकर यांनी उसात बिननांगरणीचा असाच मार्ग धरला. या पद्धतीत तणनाशक वापरलं जातं, आणि सेंद्रियवाल्यांचा राग त्यावरच आहे. आमचं मत विचाराल तर ही तक्रार रास्त आहे. पण दरवर्षी नांगरून, चिखल करून माती समुद्राला देणं हेही निरुपद्रवी नाही. मजूर मिळत नाहीत म्हणून ज्याची दळी पडीक पडणार आहे, त्याने दोन्ही बाजू तोलून ठरवावं.

राहिला सडा. सुरुंग लावून कातळ फोडायचा, बाहेरून माती आणून खड्डे भरायचे आणि कलम लावायचं, असं खूप झालं. सडा ओसाड आहे हा समज आधी काढून टाकू या. पावसाळ्यात तिथे इतर कुठे न जगणारी फुलं येतात, गुरं चरतात, आणि त्याच्या भेगांतून मुरलेलं पाणी उताराखालच्या झऱ्यांना पोचतं. रत्नागिरी तालुक्यातलं उक्षी किंवा जांभरूण इथली कातळशिल्पं अशाच सड्यांवर आहेत. २०२२मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. जमीन सुधारणं म्हणजे प्रत्येक जमिनीवर झाड लावणं नव्हे. सड्याला सडाच राहू देणं हीही जमिनीची काळजीच आहे.

आपल्याकडे नेहमी येणारा प्रश्न: सुरुवात कुठून करू? सगळ्या बागेत नको, दोन-चार गुंठे घ्या. दोन्ही तोंडं उघडी असलेला पत्र्याचा डबा पाला राखलेल्या जागी चार बोटं जमिनीत ठोका, एक लिटर पाणी ओता आणि ते मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघा. मग दरवर्षी जाळलेल्या जागी हेच करा. दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, पाऊस संपल्यावर, पुन्हा मोजा. त्याच वहीत विहिरीचं पाणी कुठल्या पायरीला आहे तेही लिहा.