पॅकेज काढून टाकले, पुढे काय?

मागील लेखांकात मुक्तस्रोत पॅकेजमध्ये घातक कोड शिरतो कसा, ते पाहिले. आता प्रश्न उपायाचा, आणि तो वीजक्षेत्राच्या दृष्टीने पाहू. चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे, आणि चंद्रपूरहून निघालेली ७५२ किलोमीटरची उच्चदाब वाहिनी मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत वीज पोहोचवते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली. मार्च २०२१ मध्ये राज्य सरकारने वीजमंडळाच्या सर्व्हरमध्ये १४ ट्रोजन शिरल्याची शक्यता सांगितली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चुकीकडे बोट दाखवले. तो वाद इथे सोडवता येणार नाही. पण त्याच सुमारास रेकॉर्डेड फ्यूचर या कंपनीच्या अहवालात भारतीय वीजक्षेत्राच्या संदर्भात ‘शॅडोपॅड’ या घातक सॉफ्टवेअरचे नाव आले होते. हे शॅडोपॅड २०१७ मध्ये प्रथम उघडकीस आले ते नेटसारंग या विकतचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत, स्वाक्षरीबद्ध अपडेटच्या पोटात. मुक्तस्रोत सोडून विकतचे सॉफ्टवेअर घेतले की निर्धास्त, असे म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे.

माझे म्हणणे असे की बाधित पॅकेज काढणे ही उपायाची केवळ सुरुवात. तो कोड एकदा चालला, की त्या यंत्रावरचे पासवर्ड, टोकन आणि किल्ल्या चोरीस गेल्या असेच धरावे. सप्टेंबर २०२५ मध्ये एनपीएम या पॅकेज-भांडारात पसरलेला ‘शाई-हुलुद’ हा कृमी चोरलेल्या टोकनांच्याच बळावर पुढच्या पॅकेजांत घुसत होता. नुसते पॅकेज पुसून टोकन तसेच ठेवणाऱ्याने त्याचा रस्ता मोकळाच ठेवला. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्स या मुक्तस्रोत पॅकेजमधला चोरदरवाजा उघड झाला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या कुतूहलातून अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तो शोधला (सोर्स हाताशी होता म्हणूनच मुळापर्यंत जाता आले, हेही नोंदवायला हवे). त्यानंतर उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या चमूने सदोष आवृत्ती मागे घेण्यावर भागवले नाही. ती आवृत्ती आल्यानंतर आगामी उबुंटू २४.०४ साठी बांधलेली सगळी बायनरी पॅकेजे काढून नव्याने बांधली, आणि त्यासाठी बीटा आवृत्ती आठवडाभर पुढे ढकलली. अतिरेक? बांधणीच्या यंत्रावरच संशय असेल तर त्यातून निघालेल्या कशावर भरवसा ठेवणार?

यावर वीजकेंद्रांकडून येणारा आक्षेप ठरलेला आहे: नियंत्रण कक्षाचे जाळे इंटरनेटपासून तोडलेले असते. ते खरे धरले तरी अपडेट पेनड्राइव्हवरून आणि कंत्राटदाराच्या लॅपटॉपवरून आत येतातच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चालू संच थांबवून यंत्रे पुसणे परवडत नाही. म्हणूनच कोणत्या यंत्रात कोणते पॅकेज, कोणती आवृत्ती, याची यादी आधीच हवी. यादी असेल तर बाधित यंत्रे तेवढी वेगळी काढता येतात, नसेल तर सगळ्यांवरच संशय. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते, आणि एवढ्या वेळात शून्यातून अशी यादी बनत नाही. वीजकंपन्यांनी पुढच्या निविदेपासून ती पुरवठादाराकडूनच लेखी मागावी.