अमेरिकेची वाट उत्तरेला!

निपाणी स्टँडवरून बेळगावची गाडी धरली, की थोड्याच वेळात तवंदीचा घाट लागतो. गाडी इकडे झुकते, तिकडे झुकते आणि मागच्या बाकावरची पोरं एकमेकांच्या अंगावर कलंडतात. निपाणी ते बेळगाव रस्त्यानं पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. पण नकाशावर दोन्ही गावांमध्ये पट्टी ठेवून मोजा, अंतर साधारण 62 किलोमीटरच भरतं! बाकीचे किलोमीटर वळणांनी वाढवलेले.

विमानाला कुठला आलाय घाट? मग ते पट्टीनं आखल्यासारखंच जात असेल, नाही का? बेळगावच्या सांबरा विमानतळावरून दिल्ली जवळजवळ थेट उत्तरेला, सुमारे 1,435 किलोमीटर. विमान अडीच तासांच्या आसपास पोचवतं. इथं आपली पट्टी अगदी बरोबर ठरते.

आता आपल्या बंगळुरूहून अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोला जाऊ. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवा. रेघ अरबस्तानावरून, आफ्रिकेवरून, अटलांटिक महासागर ओलांडून जाईल. त्या रेघेनं निघालात तर सुमारे 20,000 किलोमीटर पडतील!

म्हणून पट्टी ठेवा बाजूला आणि पृथ्वीचा गोल घ्या. आईच्या शिवणाच्या डब्यातला दोराही आणा. एक टोक बंगळुरूवर अंगठ्यानं दाबा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर. दोरा आधी आफ्रिकेवरून सैल टाका आणि मग हळूहळू ताणा. बघा, बघा! तो आपोआप वर सरकतो आणि उत्तर ध्रुवाकडे झुकून बसतो. ही वाट फक्त 14,000 किलोमीटरची. गोल पृथ्वी सपाट कागदावर काढताना ध्रुवाकडचा भाग ताणून रुंद करावा लागतो, म्हणून नकाशावर हीच जवळची वाट लांबची दिसते.

जानेवारी 2021 मध्ये एअर इंडियाचं विमान अशाच ध्रुवाकडच्या वाटेनं सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला आलं. चालवणाऱ्या सगळ्या महिला वैमानिक, आणि त्यांच्या प्रमुख होत्या कॅप्टन झोया अगरवाल. कुठंही न थांबता सुमारे 17 तास! ध्रुवावरची हवा इतकी गार असते, की पंखांतल्या टाक्यांमधलं इंधनही गार पडत जातं. ते गोठायला लागू नये म्हणून वैमानिक त्याच्या तापमानाच्या आकड्यावर सतत नजर ठेवतात. गरज पडली तर विमान थोड्या उबदार हवेत खाली आणतात. होकायंत्राची सुईसुद्धा तिथं भरवशाची राहत नाही. उत्तर दाखवणारी सुई, आणि उत्तरेच्याच टोकाला गोंधळते! मला तर हे फार अजब वाटतं.

दोरा अजून हातात आहे ना? मग त्याचं टोक बेळगावावर ठेवा आणि तो सरळ उत्तरेला न्या. अजमेर लागेल, मग श्रीनगरच्या जवळून दोरा किरगिझस्तानची राजधानी बिश्केक गाठेल. पुढं सायबेरियाचा बर्फ, गोठलेला समुद्र, ध्रुव. तिथून दोरा न वळवता तसाच पलीकडच्या बाजूनं खाली उतरवा. कॅनडा मागं पडेल, आणि सुमारे 13,800 किलोमीटरवर तुमचं बोट येईल अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराजवळ. तुम्ही बेळगावात दुपारी जेवायला बसता, तेव्हा तिथली पोरं आदल्या रात्रीच्या झोपेत असतात.