पासवर्ड ठाऊक नसलेलं संकेतस्थळ

तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याला लागलं की वाटेत ओरत्तनाडु येतं. सरफोजीराजे दुसरे यांनी मुक्तांबा या आपल्या प्रिय सहचरीच्या स्मरणार्थ १८०२ मध्ये इथे छत्र, म्हणजे वाटसरूंची धर्मशाळा, बांधलं. तेच मुक्तांबाळ छत्र. रामेश्वरच्या वाटेवरच्या अशा छत्रांचा कारभार कसा चाले, हे सरफोजींनी आदल्याच वर्षी ब्रिटिश रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना पत्रातून कळवलं होतं. कोणत्याही जातीचा वाटसरू येवो, त्याला शिजवलेला भात मिळे. आजाऱ्याला औषध, पोरक्या मुलांना शिक्षण. मध्यरात्री घंटा वाजवून उरल्यासुरल्या उपाशी माणसांना जेवायला बोलावलं जाई. भूक लागली आहे, एवढी ओळख तिथे पुरेशी होती.

मराठी राज्यातल्या कागदांची रीत मात्र वेगळी होती. राजपत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि मजकूर संपतो तिथे मोर्तब, म्हणजे खाली कोणी एक ओळही वाढवू नये. अन्न कोणालाही द्यावं, पण राजाच्या नावाने हुकूम कोणालाही काढता येऊ नये, हा विवेक त्यामागे होता.

कोणाचा दावा खरा मानायचा, हा प्रश्न आजही तोच आहे. ओरत्तनाडुत आता पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तिथल्या किंवा महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावातल्या विद्यार्थ्याला प्रवेशअर्ज, निकाल, शिष्यवृत्ती, बँकेचं खातं अशा प्रत्येक दारात दोन गोष्टी द्याव्या लागतात. युजरनेम म्हणजे आपण कोण आहोत हा दावा आणि पासवर्ड म्हणजे त्याचा पुरावा. हा पुरावा तपासण्याचं काम संकेतस्थळ कसं करतं, यावर आपली बरीचशी सुरक्षितता अवलंबून असते. त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अनेकांना चमत्कारिक वाटेल: नीट बांधलेल्या संकेतस्थळाला आपला पासवर्ड ठाऊकच नसतो.

सुरुवातीला तो ठाऊक असे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९६० च्या दशकाच्या आरंभी फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने एकच संगणक अनेकांना वाटून देणारी यंत्रणा उभी केली आणि ज्याचं काम त्यालाच दिसावं म्हणून पासवर्ड आणला. सगळ्यांचे पासवर्ड एका फाइलमध्ये जसेच्या तसे लिहिलेले होते. ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला मिळणारे संगणकाचे चार तास पुरेनात. १९६२ मध्ये त्याने ती फाइलच छापून घेतली आणि इतरांच्या नावाने काम सुरू केलं. काही वर्षांनी त्याच यंत्रणेत दोन फाइलींची अदलाबदल झाली आणि स्वागताच्या संदेशाऐवजी सर्वांचे पासवर्ड प्रत्येकाच्या टर्मिनलवर उमटले. पहिल्या वेळी कोणी मुद्दाम केलं, दुसऱ्या वेळी चुकून घडलं. दोन्ही वेळा नुकसान झालं, कारण ती यादी अस्तित्वात होती.

मग यादीच ठेवायची नाही, हे उत्तर निघालं. केंब्रिजचे रॉजर नीडहॅम यांनी त्याच दशकात ते सुचवलं आणि रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये युनिक्स या संगणकप्रणालीच्या अनुभवावरून ते नीट मांडलं. पासवर्ड एका गणिती प्रक्रियेतून काढायचा आणि बाहेर पडलेला अक्षरसमूह, म्हणजे हॅश, तेवढा साठवायचा. जात्यातून निघालेल्या पिठाचा जसा पुन्हा दाणा होत नाही, तसा हॅशवरून मूळ पासवर्ड परत मिळत नाही. पुढच्या वेळी आपण पासवर्ड टाकला की त्याचा पुन्हा हॅश काढायचा आणि दोन्ही जुळले तर दार उघडायचं.

इथे एक पळवाट उरते. ‘१२३४५६’ हा पासवर्ड हजार जणांचा असेल, तर हजार हॅश सारखेच दिसतील. अंदाज करून एक ओळखला की हजार खाती उघडी. म्हणून प्रत्येकाच्या पासवर्डमध्ये वेगळा यादृच्छिक तुकडा मिसळून मग हॅश काढतात. या तुकड्याला सॉल्ट म्हणतात. सारख्या पासवर्डांची ही भीती काल्पनिक नाही. डिसेंबर २००९ मध्ये रॉकयू या कंपनीचे सुमारे ३.२ कोटी पासवर्ड चोरीला गेले, तेही जसेच्या तसे साठवलेले. त्यांत ‘१२३४५६’ सुमारे २ लाख ९० हजार वेळा होता. त्या यादीतले शब्द आजही नव्या खात्यांवर आजमावून पाहिले जातात.

दुसरी अडचण वेगाची. सर्वसाधारण हॅश-प्रक्रिया मुद्दाम वेगवान केलेल्या असतात आणि खेळांसाठी बनलेल्या ग्राफिक्स चिप्स त्या सेकंदाला अब्जावधी वेळा करू शकतात. सेकंदाला एक अब्ज हा वेग धरला, तर एक कोटी संभाव्य पासवर्ड तपासायला शंभरांश सेकंद लागतो. पण एक हॅश काढायला पाव सेकंद लागेल अशी प्रक्रिया निवडली, तर त्याच एक कोटी पासवर्डांना २५ लाख सेकंद, म्हणजे जवळपास २९ दिवस लागतात, आणि तेही एकाच माणसाच्या खात्यासाठी. सॉल्टमुळे पुढच्या खात्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. लॉगिन करणाऱ्याला पाव सेकंद जाणवतही नाही. १९९९ मध्ये आलेली बीक्रिप्ट आणि २०१५ च्या खुल्या स्पर्धेत विजयी ठरलेली आर्गॉन-२ या प्रक्रिया मुद्दाम अशाच संथ आहेत. संगणकाच्या जगात संथपणाचा इतका उपयोग मला दुसरीकडे क्वचितच दिसला आहे.

आपल्याकडचं शिकण्यासारखं उदाहरण झोमॅटोचं आहे. मे २०१७ मध्ये त्यांच्या सुमारे १.७ कोटी वापरकर्त्यांची माहिती चोरीला गेली. चोरी कशी झाली, हे कंपनीने नंतर स्वतः लिहिलं आणि त्याबद्दल तिचं कौतुक करायला हवं. २०१५ मध्ये एका परदेशी वेबहोस्टिंग कंपनीचे पासवर्ड फुटले होते. झोमॅटोच्या एका डेव्हलपरचं तिथे जुनं वैयक्तिक खातं होतं आणि तोच पासवर्ड त्याने गिटहब या संगणकीय कोड ठेवण्याच्या जागीही वापरला होता. चोर तिथून कोडपर्यंत गेला, कोडमध्ये त्याला एक कच्चा दुवा सापडला आणि त्यातून तो माहितीपर्यंत पोचला. दोन वेगवेगळ्या जागा एकाच पासवर्डने जोडल्या गेल्या होत्या. निम्म्याहून अधिक वापरकर्ते मात्र गूगल किंवा फेसबुकमार्फत लॉगिन करत असल्यामुळे त्यांचा पासवर्ड झोमॅटोकडे नव्हताच. जे त्यांच्याकडे नव्हतं, ते चोरीलाही गेलं नाही.

पासवर्ड जुळला की काम संपत नाही. प्रत्येक पानाच्या मागणीसोबत सर्व्हर आपल्याला नव्याने भेटतो, मागचं त्याला आठवत नाही. म्हणून तो ब्राउझरला एक लांबलचक यादृच्छिक खूण देतो आणि पुढे तीच पाहून ओळखतो. ही खूण पळवणाऱ्याला पासवर्डची गरजच उरत नाही, त्यामुळे ती कूटबद्ध जोडणीवरूनच जायला हवी आणि लॉगआउट करताच सर्व्हरवरही रद्द व्हायला हवी. चुकीची माहिती टाकल्यावर ‘असं युजरनेमच नाही’ असं सांगणारं पान कोणाची खाती आहेत याची यादी चोराला फुकट देतं; दोन्ही चुकांना उत्तर एकच असावं. आणि लागोपाठच्या चुकांनंतर वेग रोखायलाच हवा.

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावण्याची सक्ती आपल्या अनेक कार्यालयांत अजून आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने, एनआयएसटीने, २०१७ मध्येच तिच्याविरुद्ध सल्ला दिला. सक्ती केली की माणसं शेवटचा आकडा बदलतात, एवढंच. पासवर्ड लांब असावा, फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत नसावा आणि चोरीचा संशय आला तरच बदलावा, हे तिचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

पण हा सगळा विचार स्वतःचा संगणक असलेल्या माणसाला धरून झालेला आहे. आपल्या गावांत अर्ज भरून देणारा असतो सेवाकेंद्रावरचा चालक. पासवर्ड तोच ठरवतो, पुष्कळदा मोबाइल नंबर किंवा नाव आणि जन्मवर्ष, आणि पावतीच्या पाठीवर लिहून देतो. ओटीपी शेजाऱ्याच्या फोनवर येतो. यात त्या शेतकऱ्याला किंवा विद्यार्थिनीला दोष देणं अन्यायाचं आहे. दुसऱ्याच्या वतीने अर्ज भरण्याची वेगळी, नोंद राहणारी सोय यंत्रणेनेच द्यायला हवी.

तोपर्यंत आपल्या हातात असलेली एक परीक्षा करून पाहा. ‘पासवर्ड विसरलात?’ यावर टिचकी मारा. थोड्या वेळात बाद होणारा, नवा पासवर्ड ठरवायचा दुवा आला तर ठीक. तुमचा जुनाच पासवर्ड ईमेलने परत आला, तर ते संकेतस्थळ एमआयटीच्या १९६२ सालच्या यादीपुढे गेलेलं नाही. तोच पासवर्ड इतरत्र वापरत असाल तर तिथे आजच बदला आणि त्या संस्थेला लेखी कळवा. वैयक्तिक माहितीच्या सुरक्षेत हयगय करणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आपल्या संसदेने २०२३ च्या कायद्यात केलेली आहे, हेही त्या पत्रात लिहा.