जुन्या बाजारांतील खरेदी व वस्तूचा ठावठिकाणा

देवळाली कॅम्पाच्या बाजारांत जुन्या सामानाचीं व रद्दीचीं दुकानें धुंडाळण्याचा नाद आम्हांस शिक्षकी सोडल्यानंतर लागला. त्या फिरतींत कांहीं हातीं लागलें, कांहीं हातचें गेलें. अल्प मोलांत मिळालेली वस्तु इतिहासाच्या कामीं केव्हां येते व केव्हां येत नाहीं, याचा विचार त्या अनुभवावरून प्रस्तुत लेखांत केला आहे.

देवळाली हें येण्याजाण्याचें ठिकाण. इंग्रजी अमदानींत स्वदेशीं परतणाऱ्या गोऱ्या शिपायांचा तळ येथें असे. आगबोटीची वाट पाहत त्यांस दिवस कंठावे लागत. त्या कंटाळ्यावरून 'डूलाली' हा शब्द 'वेडा' या अर्थीं इंग्रजींत रूढ झाला. हवापालटासाठीं पारशी व गुजराती कुटुंबांनीं येथें बंगले व आरोग्यभुवनें बांधलीं. तोफखान्याचें विद्यालयहि येथेंच आलें. जेथें बिऱ्हाडें वारंवार हलतात तेथें सामान मागें राहतें, आणि मागें राहिलेलें सामान अखेर भंगारवाल्याच्या तराजूंत पडतें.

असल्या ढिगांतील कांहीं वस्तु आपली साक्ष आपणच देतात. पहिल्या महायुद्धानंतर वांटलेल्या ब्रिटिश युद्धपदकाच्या कडेवर तें ज्यास मिळालें त्याचें नांव व पलटण हीं उमटविलेलीं असतात. लढाऊ पलटणींस हें पदक रुप्याचें मिळालें. हिंदी, चिनी व माल्टी मजूरपथकांस कांशाचें. एकूण सुमारें ६५ लक्ष पदकांत कांशाचीं सुमारें १ लक्ष १० हजारच होतीं. दुकानदार रुप्याचें पदक तोळ्यावर तोलतो व कांशाचें किरकोळ भावांत टाकून देतो. जाणत्यानें नेमकें तेंच उचलावें. कोणा दरिद्री मजुराच्या समुद्रापार जाण्याचा तेवढाच पुरावा कदाचित् शिल्लक असेल.

कागदाची गोष्ट निराळी. कागद आपला काळ सांगतो, परंतु आपलें घर सांगेलच असें नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं एका दुकानांत पोत्याखालीं रुमालांत बांधलेलें मोडी दफ्तर आम्हांस दिसलें. भाव वजनावर होता. खिशांत पैसे बेताचे, आणि मनांत फाजील चोखंदळपणा. म्हणून गांठ सोडून ज्यावर मोर्तब उत्तम उठलें होतें असा एकच कागद आम्हीं निवडून घेतला व मोठा सौदा साधला अशा आनंदांत घरीं आलों.

त्या कागदावर सन 'खमस सितैन मया व अलफ' असा आहे. खमस म्हणजे ५, सितैन ६०, मया १०० व अलफ १०००. मिळून शुहूर सन ११६५. त्यांत ५९९ मिळविले म्हणजे इ. स. १७६४-६५ येतें. शक काढण्यास ५२१ मिळवावे. शके १६८६, तारण संवत्सर. थोरल्या माधवरावांची ही कारकीर्द. शुहूर सन मृगाच्या सुमारास पालटतो, एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे मेळ बसतो. येथवर सर्व ठीक. परंतु मजकुरांत 'मागील पत्रीं लिहिल्याप्रमाणें' वतनाच्या तंट्याचा निवाडा करण्याविषयीं लिहिलें आहे. गांवाचें नांव नाहीं, आणि पत्र ज्यास लिहिलें त्याचें आडनांवहि नाहीं. मागील पत्र त्याच रुमालांत असलें पाहिजे. आठ दिवसांनीं आम्हीं धांवत गेलों तों दफ्तर लगद्यासाठीं रवाना झालें होतें. अक्षर न् अक्षर लागतें, पण तंटा कोणाचा व कोठला, हें आम्हांस आजतागायत सांगतां येत नाहीं. दोष दुकानदाराचा नव्हे, आमचा. त्यानें रद्दी विकली. दफ्तराची रद्दी आम्हीं केली.

याउलट उदाहरण याच जिल्ह्यांतील. १९०६ सालीं जोगलटेंभी येथें क्षत्रप नहपानाच्या सुमारें १३,२५० रौप्यनाण्यांचा सांठा निघाला. तो एकत्र तपासतां आला म्हणूनच त्यांतील दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हां मारल्याचें दिसून आलें व नहपानाच्या पराभवास भक्कम पुरावा मिळाला. तींच नाणीं सराफकट्ट्यावर एकेक करून विकलीं गेलीं असतीं तर प्रत्येक संग्राहकाकडे एक सुंदर नाणें राहिलें असतें, आणि इतिहास कोणाकडेच नसता.

यावरून आम्हीं स्वतःस घालून घेतलेले नियम असे. रुमाल सबंध घ्यावा. ऐपत नसेल तर दुसऱ्या संग्राहकास किंवा संशोधन मंडळास त्याच दिवशीं कळवावें. कागदांचा मूळ क्रम टिपून ठेवल्याखेरीज गांठ सोडूं नये. दुकान, तारीख, किंमत व विकणाऱ्यानें सांगितलेलें मूळ घर हीं निराळ्या चिठ्ठीवर लिहावीं. अस्सल कागदावर शाई लावूं नये. कागद उजेडापुढें धरून पाहावा. विलायती कागदाच्या जलचिन्हांतील साल मजकुराच्या सालानंतरचें निघालें तर तो कागद नक्कल किंवा बनावट समजावा. १९७२ च्या कायद्यानें ऐतिहासिक महत्त्वाचीं ७५ वर्षांपूर्वींचीं हस्तलिखितें व १०० वर्षांपूर्वींच्या कलावस्तु आणि नाणीं पुरावस्तूंत मोडतात. तीं खासगी रीतीनें परदेशीं पाठवितां येत नाहींत. जमिनींत सांपडलेला ठेवा दहा रुपयांहून अधिक मोलाचा असल्यास १८७८ च्या कायद्यान्वयें कलेक्टरास कळविला पाहिजे. देवळांतील मूर्ति कितीहि स्वस्त मिळाली तरी तिच्या वाटेस जाऊं नये.

आमच्या संग्रहांतील तो कागद आम्हीं चौकटींत बसविलेला नाहीं. तो एका रिकाम्या रुमालांत बांधून ठेविला आहे. त्याचा सोबती कोणा वाचकाच्या दफ्तरीं असल्यास, शुहूर सन ११६५ व वतनाचा निवाडा, एवढ्या खुणेवर तो ओळखावा व आम्हांस कळवावें, ही विनंति. इत्यलम्.